खरंच उठना

अक्का, आज तुला 'तू' म्हणते आहे. सव्वीस वर्षं 'तुम्ही' म्हटलं. तू मोठी जाऊ, मी धाकटी, आणि आमच्या नगरकडे मोठ्या जावेला 'तू' म्हणायची रीत नाही, एवढंच त्यामागचं कारण होतं. पण तू ते कधी मान्य केलं नाहीस. लग्न होऊन तळोद्याला आले त्या पहिल्याच आठवड्यात भाकरी थापता थापता तू मला विचारलं होतंस, "तुम्ही म्हंजे कितला जन वं? मी तं एकलीच शे." मी हसले आणि पुन्हा 'तुम्ही'च म्हटलं. मग एका रविवारी चर्चमधून परतताना तू मला रस्त्यातच गाठलंस. "मास्तरीण, तू प्रार्थनामा देवले 'तू' म्हनस, आन माले 'तुम्ही'? मी काय देवपेक्षा मोठी शे का?" मी 'चला, ऊन वाढतंय' असं काहीतरी म्हणून पुढे झाले.

परवा शुक्रवारी तुला मातीत ठेवून आलो. आज रविवार, दुपारचे दोन वाजलेत. लाईट गेली आहे. हे ओसरीत आडवे झालेत, आणि मी तुझ्या खोलीत, तुझ्याच खाटेवर बसून लिहिते आहे. कागद शोधायला गेले तर हाताशी लागला तो यंदाच्या ईस्टरच्या प्रार्थनांचा उरलेला गठ्ठा. एका बाजूने कोरा आहे, त्याच बाजूवर लिहिते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, बरं झालं बाई, मास्तरणीच्या प्रार्थना शेवटी कुठंतरी कामाला आल्या.

मी इथं आले तेव्हा मंडळीची सामुदायिक प्रार्थना तू करायचीस. पाळकसाहेबांकडे चार गावं. ते मोटरसायकलवरून धुळीने माखून यायचे, उपदेश करायचे, आणि प्रार्थनेची वेळ आली की बायकांच्या बाजूला बघायचे. तू खांबाजवळच्या तुझ्या जागेवरून उठायचीस, पदर डोक्यावर घ्यायचीस आणि सुरू व्हायचीस. हातात कागद नाही, पुस्तक नाही. "देवबाप, रिबकाना गुडघा दुखी ऱ्हायना, त्याले बरा कर." शेजारी बसलेली रिबकामावशी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवायची. "मारथाना आंडोर सुरतले गया, त्याना फोन नही उना." मुलाचा विषय निघाला की मारथा पुढे सरकून बसायची. "डोंगरवरथीन येनारी जीप संभाय. मन्ही बकरी दोन दिनथीन खात नही, तिन्हाकडे देख." प्रत्येक नावानंतर सगळी मंडळी म्हणायची, "आयक रे देवबाप." ऐक रे, म्हणजे. माझा नव्या नवरीचा कान बावरून गेला होता. आमच्याकडे देवाला बकरीबद्दल काही सांगत नाहीत.

एवढी नावं तुला ठाऊक असायची ती तळोद्याच्या बाजारामुळे. जीप थांबतात त्या कोपऱ्यावर तू मिरची-लसूण घेऊन बसायचीस, आणि डोंगरातून उतरलेली प्रत्येक बाई आधी तुझ्यापाशी टेकायची, मग बाजाराला जायची. कोणाकडे बाळंतपण आहे, कोण ऊसतोडीला गुजरातेत गेलं, कोणाच्या पोरीचा दहावीचा पेपर अवघड गेला, सगळं तुझ्याकडे जमा. रविवारी ते सगळं तू देवापुढे ओतायचीस. पाऊण तास लागायचा. पोरं झोपायची, पुरुष बाहेर जाऊन तंबाखू मळून यायचे, आणि मी घड्याळाकडे बघत बसायची.

मग मंडळीने मला चिटणीस केलं. माझं अक्षर चांगलं, मराठी शुद्ध, शाळेत शिकवते, अजून काय पाहिजे? मी पहिलं काम केलं ते प्रार्थना लिहून काढायचं. ईस्टरपासून पुढचे सात रविवार, दर रविवारची एक प्रार्थना, चालवणाऱ्याने म्हणायचं वाक्य वेगळं, मंडळीने म्हणायचं वेगळं आणि ठळक अक्षरात. दहा मिनिटांत आटोपेल अशी. तुला सांगायला आले तेव्हा तू लसूण निवडत होतीस. "मंग नावं कोन घी?" एवढंच विचारलंस. मी म्हटलं, "अक्का, नावं देवाला माहीत असतात. प्रार्थना म्हणजे काही बाजार नव्हे." तू लसणाची सालं फुंकलीस आणि म्हणालीस, "बरं." 'बाजार नव्हे' हे वाक्य मी तुला, बाजारात बसणाऱ्या बाईला, तोंडावर म्हटलं होतं. त्यात काही चुकलं असं मला तेव्हा वाटलंही नाही.

तरी एक जागा तुझी उरली होती. ईस्टरच्या पहाटेची. आपण सगळे उजाडायच्या आत दफनभूमीत जमायचो. तू सगळ्यांच्या आधी पोचलेली असायचीस, कारण वाटेवरच्या मोहाखाली पडलेली फुलं तुला वेचायची असायची. आम्ही बाजारातून झेंडूच्या माळा आणायचो आणि तू ओटीतून मोहाची फुलं काढून एकेका मातीवर मूठमूठ ठेवायचीस. ज्यांचं कोणी उरलं नाही त्यांच्यावर दोन मुठी. माझ्या हातात बळेच फुलं कोंबून म्हणायचीस, "ठेव वं, हाई तुन्ही सासू शे, लाजू नको." तो गोड, जड वास माझ्या साडीला दिवसभर राहायचा. पूर्वेला जरा लाल झालं की पाळकसाहेब म्हणायचे, "प्रभू उठला आहे!" आणि आम्ही "खरोखर उठला आहे" म्हणायच्या आधीच मागून तुझा आवाज यायचा, बाजाराच्या या टोकाहून त्या टोकाला पोचणारा, "खरंच उठना! येशू उठना!"

उठना. तुमच्या अहिराणीत उठना म्हणजे उठला. साधी गोष्ट. पण माझ्या नगरच्या कानाला ते 'उठेना' ऐकू यायचं. उठेना म्हणजे काही केल्या उठत नाही. पहिल्या वर्षी मी दचकलेच होते. थडग्यांच्या मधोमध, ईस्टरच्या पहाटे ही बाई ओरडून सांगतेय काय, तर येशू उठेना! ह्यांनी मला घरी येऊन समजावलं, आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला समजलं, पण दरवर्षी तो शब्द आला की मी अंग चोरायची.

आणि मग ते वर्ष. आठ वर्षं झाली. जानेवारीत हे आजारी पडले. नंदुरबारच्या दवाखान्यात अठरा दिवस. डॉक्टर नीट काही सांगेनात, आणि मी शाळेची हजेरी घेतल्यासारखी बाकावर ताठ बसून राहिले, रडायलाही जमेना. तू बाजार सोडून आलीस. भरदुपारी, माणसांनी भरलेल्या त्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत तू फतकल मारून बसलीस आणि प्रार्थना सुरू केलीस. "देवबाप, हाऊ मन्हा देर शे. याले उठाड. मास्तरीणले काही येत नही, ना सयपाक ना भांडनं, ती एकली काय करी? याले उठाड, बाप." समोरची एक अनोळखी बाई कोणत्या देवाला म्हणतेयस हे न विचारता हात जोडून तुझ्याशेजारी येऊन बसली. मी मात्र बाकावरच राहिले. मला लाज वाटत होती, अक्का. नवरा आत पडलेला आणि मला लोकांची लाज वाटत होती. आणि तरी त्या अठरा दिवसांत मला जो काही धीर आला तो त्या 'उठाड' शब्दाने आला, हे मी तुला एकदाही सांगितलं नाही. सांगायला काय लागत होतं?

हे उठले. त्या वर्षीच्या ईस्टरला काठी टेकत दफनभूमीत आले. त्यांना बघायला माझे दादा-वहिनी नगरहून आले होते, त्यांनाही आपण बरोबर नेलं. उजाडलं, पाळकसाहेब म्हणाले, आणि तुझा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा, कारण त्या वर्षी तुझा दीर उठला होता ना! परत येताना दादाने विचारलं, "त्या बाई 'येशू उठेना' असं का ओरडत होत्या?" वहिनी फस्सकन हसली. दादाही हसला. वाईट नव्हते ते, मजा वाटली म्हणून हसले. माझी मात्र कानशिलं तापली.

सगळे चहाला अंगणात बसले होते. तू खारी वाटत होतीस. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अक्का, पुढच्या वर्षीपासून कागदावर आहे ते नीट म्हणा. येत नसेल तर म्हणू नका."

हे माझ्याकडे बघत राहिले. तू खारीचं ताट पुढे केलंस, म्हणालीस, "दादा, घ्या ना अजून." माझ्या दादाला तू 'घ्या' म्हणालीस. शुद्ध मराठीत. मला वाटलं, चला, समजलं हिला.

तेव्हापासून तू ते म्हटलं नाहीस. उठनाही नाही आणि उठला आहेही नाही. दफनभूमीत मागच्या बाजूला उभी राहायचीस, फुलं ठेवायचीस, आणि सगळे ओरडले की ओठ मिटून उगवतीकडे बघायचीस. रविवारी खांबाजवळ बसायचीस, गाणी म्हणायचीस, पण ठळक अक्षरातलं मंडळीचं वाक्य आलं की गप्प. आठ वर्षं. मी कधी मान वळवून बघितलंही असेल, आणि मनात म्हटलंही असेल, अक्का शिकली. मास्तरकीत माझी उमर गेली. गप्प बसलेलं पोर म्हणजे शिकलेलं पोर नव्हे, हे मी दर वर्षी नव्या शिक्षिकांना सांगते.

पण तूही काही कमी नव्हतीस, अक्का! भांडायचंस ना! लसणाच्या एका गड्ड्यावरून तू अख्खा बाजार गोळा करायचीस. तुझी बकरी चर्चच्या खिडकीला बांधू नका म्हटलं तर मुद्दाम दोन बांधायचीस. मग याच्यावरच का गप्प बसलीस? एकदा म्हणायचंस, मास्तरीण, तुन्हं चुकनं. मी चिडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि पाचव्या दिवशी आले असते. तुला माझा स्वभाव माहीत होता. तू मला ती संधीच दिली नाहीस, आणि आज मला तुझा रागही येतो, आणि राग आला की लगेच लाज वाटते, की बघा, अजूनही चूक हिचीच काढते आहे.

आणि खरं म्हणजे संधी दिली होतीस. यंदाच, दोन महिन्यांपूर्वी. उपवासकाळ चालू होता. मी तुझ्या दाराच्या पायरीवर बसून सात रविवारांच्या प्रार्थनांचं मुद्रित तपासत होते. तू मिरच्यांची देठं खुडत होतीस. मध्येच म्हणालीस, "मास्तरीण, औंदा तुन्हा कागदवर मन्ही एक ओय लिख." तुझ्या जिभेला 'ळ' कधी वळला नाही, ओळीला तू ओय म्हणायचीस. मी विचारलं, "कोणती ओळ?" तू देठ खुडत राहिलीस. "तुले माहीत शे."

मला माहीत होती. मी म्हटलं, "बघू."

छपाईच्या दुकानात गेले तेव्हा शेवटच्या ओळीपाशी पेन्सिलने लिहिलंसुद्धा, 'खरंच उठना'. दुकानातल्या मुलाने वाचलं आणि विचारलं, "मॅडम, उठेना का?" तो इथलाच, अहिराणी बोलणारा, पण छापायच्या कागदावर अहिराणी असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. झालं, मी लगेच खोडलं. म्हटलं, राहू दे, लोक चुकीचं वाचतील, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी! पुनरुत्थानाचे कागद छापणारी बाई मी, आणि माझा भरवसा सगळा पुढच्या वर्षावर.

ईस्टरच्या पहाटे मी कागद वाटत तुझ्यापाशी आले. तू तो उजेडाकडे धरलास आणि बोट खाली खाली नेत शेवटच्या ओळीवर थांबवलंस. अक्षर जुळवून वाचायला तुला वेळ लागायचा. मी उभी होते. मग तू कागदाची घडी केलीस, कमरेला खोचलीस आणि म्हणालीस, "चांगलं छापेल शे, मास्तरीण." मी ते कौतुक म्हणून घेतलं, अक्का. देवाशपथ सांगते, मी 'थँक्यू' म्हटलं.

गुरुवारी सकाळी मी चहा घेऊन तुझ्या दारात आले. एरवी तू त्या वेळेला अंगण झाडून, बकरीला पाला घालून मोकळी झालेली असायचीस. दार लोटलेलं होतं. तू भिंतीकडे तोंड करून निजली होतीस. मी 'अक्का' म्हटलं, मग मोठ्याने म्हटलं, मग कप खाली ठेवून खांद्याला हात लावला. आणि मी ओरडले. ह्यांना हाक मारली, मी काय म्हणाले ठाऊक आहे?

"अहो, या हो लवकर! अक्का उठेना!"

माझ्याच तोंडून. माझ्या शुद्ध मराठीत. हे धावत आले, शेजारचे आले, डॉक्टर आले, आणि मी प्रत्येकाला तेच सांगत होते, उठेना हो, अक्का उठेना. चौथ्या-पाचव्या वेळेला माझं मलाच ऐकू आलं आणि मी तोंडावर हात ठेवला. तेव्हापासून तो शब्द जिभेवरून हलत नाही. भांडी घासताना येतो, पाणी भरताना येतो.

सुरतेहून तुझा मुलगा पोचेपर्यंत शुक्रवार उजाडला. दफनभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती. डोंगरातून तीन जीप भरून बायका आल्या होत्या, चर्चचं तोंड कधी न पाहिलेल्या, तुझ्या बाजारातल्या. मोहाचा बहर संपलेला, तरी कोणीतरी वाळलेली फुलं पदरात आणली होती. मातीपाशी पाळकसाहेब म्हणाले, "ईस्टरचे दिवस चालू आहेत. अक्कांना आपण याच विश्वासाने निरोप देऊ. प्रभू उठला आहे!" आणि सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "खरोखर उठला आहे." ऱ्हस्व-दीर्घासकट बरोबर. मीच शिकवलेलं. मी वाट बघत होते की कोणीतरी, एक तरी बाई, तुझ्यासारखं ओरडेल. कोणी ओरडलं नाही. मी ओरडायला हवं होतं. पण मी तोंड मिटून उभी राहिले, गेली आठ वर्षं तू उभी राहायचीस तशी.

आता आजचं सांगते, म्हणजे माझं मन रिकामं होईल.

आज ईस्टरपासूनचा चवथा रविवार, प्रार्थना चालवायची पाळी माझी. खांबाजवळची तुझी जागा कोणी घेतली नव्हती, सतरंजीचा तेवढा तुकडा रिकामा होता आणि पलीकडे रिबकामावशी भिंतीला टेकून बसली होती. कागद उघडला तर आजची प्रार्थना मेंढपाळावरची. 'हे उत्तम मेंढपाळा, तू आपल्या कळपातील प्रत्येकास नावाने ओळखतोस.' याच प्रार्थनेवरून तू एकदा मला विचारलं होतंस, "मास्तरीण, तू कवय बकरी चारी शे का?" कधी बकरी तरी चारली आहेस का, म्हणून. आज मी पहिली ओळ वाचली आणि पुढे बघितलं. पान भरून प्रार्थना, आणि त्यात एकाही माणसाचं नाव नाही. मेंढपाळाला सगळी नावं ठाऊक आहेत असं मोठ्या तोंडाने लिहायचं, आणि आपण एकही घ्यायचं नाही.

मी कागद खाली ठेवला. म्हटलं, "देवबाप, रिबकामावशीचा गुडघा." पुढे काय म्हणायचं ते सुचेना. मग रिबकामावशीनेच स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आयक रे देवबाप." मग मी एकेक नाव घेत गेले. फार नव्हतीच माझ्याकडे. सव्वीस वर्षांत मला किती कमी लोकांचं दुखणं-खुपणं ठाऊक आहे हे तिथं उभं राहून कळलं. मी अडले की मागून कोणीतरी नाव पुरवायचं. तुझ्या बकरीचंही घेतलं, परवापासून पाल्याला तोंड लावत नाही. कोणी हसलं नाही. शेवटी तुझं नाव घेतलं आणि म्हटलं, देवबाप, ही हाका मारायची तेव्हा तू ऐकायचास, आता ती तुझ्यापाशी आहे, तर तिला मोठ्याने बोलू दे.

आता फक्त ती ओळ राहिली होती. मी ठरवून आले होते. तुझ्यासारखं, तुझ्या शब्दात, सगळ्यांसमोर म्हणायचं. श्वास घेतला आणि म्हणाले. पण अक्का, चार दिवस जिभेवर जे बसलं होतं तेच बाहेर आलं. मधेच हुंदका आला, शब्द मोडला, आणि मी भर चर्चमध्ये म्हणाले,

"येशू उठेना!"

पाळकसाहेबांनी मान वर केली. आणि रिबकामावशी, जिला धड ऐकू येत नाही असं आपण समजतो, ती गुडघा धरून उभी राहिली आणि पोराला दटावावं तशी मला म्हणाली, "उठेना नही वं मास्तरीण! उठना! उठना म्हन!"

बायका हसल्या. तोंडाला पदर लावून, डोळे पुसत हसल्या, आणि हसता हसताच एकेक जण म्हणायला लागली, उठना, खरंच उठना, मग पुरुष, मग पोरं, इतक्या मोठ्याने की बाहेर तुझी बकरी ओरडायला लागली. मीही म्हटलं. तिसऱ्या वेळेला बरोबर आलं. तुझी ओळ अशी म्हटली गेली, अक्का. छापली नाही, पण म्हटली गेली.

मी मात्र मध्येच थांबून कान देऊन ऐकत होते. सगळ्यांचा आवाज होता. खांबाजवळून येत नव्हता. तसा तो आठ वर्षं येत नव्हता, पण त्या आठ वर्षांत तू तिथं बसलेली होतीस, माझ्यापासून चार पावलांवर. कागद खाली ठेवून तेवढं चालत यायचं आणि एक शब्द बोलायचा, इतकंच काम होतं. 'म्हणा' नाही, अक्का. 'म्हण.'